चार नंबरचा माग

श्रीशैल,
सध्या काय ऐकतोयस, विचारलंस.
आठ महिन्यांनी फोन, आणि पहिला प्रश्न हाच.
तब्येत, पोरगी, नळाला पाणी किती दिवसाआड येतं,
ते सगळं नंतर.
बरं वाटलं बे.

खरं सांगू? आपलं ते ऐकत नाही आता.
ज्यासाठी नव्या पेठेतल्या दुकानात
साठची रिकामी कॅसेट देऊन पंधरा दिवस वाट बघायचो.
दुकानदार म्हणायचा, "कुणी मेलंय का ह्यात? एवढं काय बोंबलतंय?"
आणि तरी भरून द्यायचा, वीस रुपयांत,
वर बँडचं नाव दर वेळी नव्यानं चुकवून.

ते लावलं परवा.
दोन गिटारी एकमेकींच्या अंगावर धावून जातात,
ड्रमवाला कुत्रं मागे लागल्यासारखा पळतो,
आणि मी, सेहेचाळीस वर्षांचा माणूस,
टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून विचार करतोय,
कशाची घाई होती ह्यांना?
आपल्याला तरी कशाची होती?

मग कळलं.
आमच्या घरात आठ माग होते.
सकाळी सातपासून खटक-खटक,
भिंतीतून, ताटातून, झोपेतून.
भावगीत लावलं की ते धोट्याखाली चिरडायचं.
मागाच्या वर चढेल असं
हे एकच संगीत होतं जगात.
मी त्याला बंड समजत होतो.

मागच्या दिवाळीला माग गेले. किलोवर.
शेडमध्ये आता एका कुरिअरवाल्याचं गोदाम आहे.
पहिले आठ दिवस घरात कुणालाच झोप नाही.

आणि त्या शांततेत, श्रीशैल,
मला पहिल्यांदा बास ऐकू आला.
तीच गाणी, तीस वर्षं,
आणि खाली कुणीतरी चार जाड तारांवर
एवढं सगळं चालवत होतं, मला पत्ताच नाही.
लग्नाच्या फोटोत अगदी मागे उभा असलेला माणूस
एवढ्या वर्षांनी दिसावा
आणि तो घरातलाच निघावा.

तर सध्या संथ ऐकतो.
तिघांचा एक बँड आहे, कुठल्यातरी बर्फाच्या गावातला,
अकरा मिनिटांत अकरा शब्द म्हणतात.
मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
गच्चीवर दोन बादल्या मारून ऐकावं. कूलरपेक्षा बरं.
लावण्या म्हणते, पप्पा, हे दातांच्या डॉक्टरकडे वाजतं.
तिनं मला तिचं एक ऐकवलं:
एक मुलगी, भाषा कुठली देव जाणे,
जीव तोडून ओरडते आणि मधेच हसते.
नाही आवडलं.
मग भांडी घासताना दोनदा लावलं.

आणखी एक.
आपलं ते गाणं, ए बाजूचं शेवटचं,
जे सोलोच्या मधोमध खट्ट होऊन तुटायचं,
कारण टेपच संपायची,
ते मोबाइलवर पुढे चालू राहतं!
मी इतका दचकलो की चहा सांडला.
दोन मिनिटं आहे अजून. विशेष काही नाही त्यात,
गिटार दमते, कुणीतरी खोकतं.
माझ्या कानात मात्र ते अजून तिथंच खट्ट होतं,
आणि तेच बरोबर वाटतं.

नायनांना आता जवळजवळ ऐकूच येत नाही,
मागांनी कान नेले.
परवा ते संथवालं लावलं होतं,
येऊन बसले शेजारी,
स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवला.
बराच वेळ.
मग तेलुगूत म्हणाले,
"चार नंबर आहे. पट्टा सैल झालाय, कुणाला तरी सांग."

मी आवाज थोडा वाढवला.

तू काय ऐकतोयस ते कळव.
आणि ती साठची कॅसेट तुझ्याकडेच आहे.
माहितीय मला बे.