लांबून कोणाला दिसतं

निमजे सरांनी लेन्स दिली चार दिवसांच्या बोलीवर,
जुन्या स्वेटरात गुंडाळून,
सोबत एक पूर्णांक चारचा कन्व्हर्टर, टोपण हरवलेला,
तोंडावर औषधाच्या डबीचं झाकण, रबरबँडने आवळलेलं.
"मऊ पडली आहे," म्हणाले, "कन्व्हर्टर लावला
की खंड्याची पिसं जातात, नुसता कापूस उरतो.
तू अक्षरातला माणूस. पाहून सांग,
मग पैशाचं बोलू."

अक्षरातला माणूस म्हणजे
कॉटन मार्केटजवळ टपरी आहे,
रेडियमवर पातं चालवून बावीस वर्षं
गाड्यांचे नंबर कापले.
आता सरकारी प्लेटा आल्या, काम निम्म्यावर.
पण कड म्हणजे काय, ते अजून
माझ्या अंगठ्याला कळतं.

पहिल्या दिवशी चुकलोच.
झिंगाबाई टाकळीच्या गच्चीवरून, भर मे महिना, दुपारी दोनला
थेट कोराडीची चिमणी धरली.
तिचे लाल-पांढरे पट्टे
पिळून वाळत घातलेल्या लुगड्यासारखे हलत होते.
कन्व्हर्टर काढला. हलतच होते.
बायको पाणी घेऊन आली, म्हणाली,
"एवढं मोठं नळकांडं, अन् पाहता काय, तर चिमणी!"
मधे सात-आठ किलोमीटर तापलेले पत्रे, डांबर,
कूलरच्या टाक्या,
आणि मी त्या सगळ्यांची वाफ
एका काचेच्या नावावर लिहायला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वारा.
तिसऱ्या दिवशी ट्रायपॉडला तांदळाची पिशवी लटकवली,
तर खाली कोणीतरी बुलेट सुरू केली.

मग आठवलं: पारख करायची
तर समोर असं काही हवं
ज्याचं खरं रूप आपल्याला आधीच ठाऊक आहे.
पलंगाखालून जुनी प्लेट काढली.
बावणेच्या ऑटोची. ऑटो भंगारात गेला, प्लेट परत आली.
ती धोटेंच्या टाकीवर बांधली, साठ पावलांवर,
आणि पहाटे साडेपाचला, हवा अजून निजलेली असताना,
दोन सेकंदांचा टायमर लावून
श्वाससुद्धा बाजूला सोडला.

आधी नुसती लेन्स. मग कन्व्हर्टरसह.
उजेड निम्मा होतो,
काचेच्या खोडी मात्र पदरच्या, त्याही वाढवून दाखवतो.
उघड्या तोंडाने घेतलेला फोटो जरा दुधाळ होता, खोटं कशाला बोलू,
अकरावर आणला तेव्हा ताक निवळलं.
आता पहिला फोटो दुसऱ्याएवढा ताणायचा,
दोन्ही शेजारी ठेवायचे, आणि विचारायचं,
नुसतं मोठं झालं, की जास्त दिसलं?
मोठं तर फुगाही होतो.

प्लेटवरच्या चारच्या काखेत एक खोच आहे.
खसखशीएवढी. पातं घसरलं होतं,
थोरल्याच्या बारशाची घाई होती त्या दिवशी.
बावणे म्हणाला होता, "हे काय बे?"
मी म्हणालो होतो, "लांबून कोनाले दिसते?"

ताणलेल्या फोटोत तिथे नुसता डाग.
कन्व्हर्टरच्या फोटोत खोच.
तिची पालथी कडसुद्धा,
पातं कुठून आलं आणि कुठे थबकलं तेही.

सरांना फोन लावला. "लेन्स ठणठणीत आहे, सर."
पलीकडे बराच वेळ चहाच्या कपाचा आवाज.
"मग कापूस कुठून येतो?"

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव
माझ्या जिभेवर होतं. तिथेच राहिलं.
म्हणालो, "या ना एकदा, सोबत पाहू."
"पण तुला नक्की कसं कळलं?"
"एक चूक होती, सर. ती दिसली."
"लेन्सची?"
"नाही. माझी."

तेवढ्यात ऊन धोटेंच्या टाकीवर चढलं
आणि चार हलायला लागला.