सत्तेचाळिसावं पान

क्लाक्सविकच्या वाचनालयात, मुलांच्या फळीवर,
एका चित्रकादंबरीतलं एक पान नाही.

सेहेचाळीसवर ब्यार्ता कड्याला लोंबकळते आहे.
एका हातात दोर, दुसऱ्यात धाकट्या भावाचं मनगट,
खाली दगडी राक्षस आ वासून,
वर समुद्रपक्षी. (एकशे बारा. मी मोजलेत.)
उलटा, तर थेट एकोणपन्नास:
ब्यार्ता पलीकडच्या बेटावर,
एक बूट गायब, गालावर ओरखडा.
भाऊ नाही.

मी ग्रंथपाल. नवी प्रत मागवली.
पण जहाज वाऱ्याच्या मर्जीवर,
आणि फेरोचा वारा कुणाच्या बापाचा नोकर नाही.

सुरुवात रानवाने केली, वय वर्षं नऊ.
पुस्तक परत आलं तेव्हा आत गणिताच्या वहीचा कागद.
त्यात राक्षसाला शिंक येते.
'आऽऽक्छी' पाच चौकटी फोडून समासात घुसते,
आणि दोघं भावंडं उडतात ती उडतातच.

मग हानुसचं पान: राक्षस टोल मागतो,
ब्यार्ता घासाघीस करून एका बुटावर सौदा पटवते.
अमिहानच्या पानात समुद्रातून म्हैस वर येते,
कारण तिच्या आईच्या गावी, फिलिपिन्समध्ये,
म्हशी पोहतात. यावर वाद नको.
बाइनिरने नुसतं धुकं काढलं,
पेन्सिल आडवी धरून, दोन्ही बाजूंना,
आणि कोपऱ्यात दोन फुगे:
'धर.'
'धरलंय.'

नवी प्रत सोमवारी आली. अखंड, करकरीत.
अजून कुणी नेलेली नाही.

गुरुवारी, बंद करायच्या वेळी, ट्रोंडुर.
बारा वर्षांचा, रेनकोट निथळतोय,
खिशातून आठ घड्यांचा कागद काढून त्याने टेबलावर ठेवला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, मीच फाडलं.

मी घड्या उलगडल्या.
शेवटच्या चौकटीत भाऊ म्हणतो, सोड.
आणि ती सोडते.

ट्रोंडुरचा भाऊ सप्टेंबरात बोटीवर गेला, ग्रीनलंडकडे.
धक्क्यावर सगळे हात हलवत होते,
हा एकटा दोरांच्या ढिगामागे बसून होता,
हे गावात कुणाला ठाऊक नाही?

पुढचं वाचलंस का, मी विचारलं.
मान हलली. नाही.

मग मी काही बोलले नाही.
त्र्याहत्तरावं पान काढून समोर सरकवलं:
हिरवंगार पाणी, पानभर, एकही चौकट नाही,
आणि त्यात सीलचं कातडं पांघरलेला तो पोरगा,
गालफडं फुगवून, बहिणीचा बूट दातांत धरून
परत येतोय.

ट्रोंडुर उभ्यानेच वाचत राहिला.
फरशीवर त्याच्याभोवती तळं साठलं.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
सीलला थंडी वाजते का?

दिव्याचं बटण माझ्या हाताशी होतं.
बस, मी म्हटलं. अजून चाळीस पानं आहेत.