पाचाचं माप

सुभेदार निंगोजी कुट्रे, जांबोटीचे,
कणकुंबीच्या बसनं आले.
काखेत पिशवी, पिशवीत टॉवेल,
टॉवेलात गुंडाळलेलं मॅगझीन.
रायफल घरीच.
"तिला कशाला उन्हात फिरवू?"

लायसन नुकतंच रिन्यू होऊन आलेलं.
डीसी ऑफिसचा जांभळा शिक्का,
शिक्क्याखाली पेनानं एक ओळ.
मला कन्नड वाचता येतं,
बोलताना मात्र अजून
क्रियापद शोधत थांबतो.
ऐदु, मी वाचलं. पाच.
"आणि ह्यात किती जातात?"
"धा. सासऱ्यांच्या वेळेपासून धाच."

धाचं पाच करायचं म्हणजे
कापायचं काही नसतं.
पोटात ठोकळा बसतो,
स्प्रिंगला खाली दबायला जागा उरत नाही.
बाहेरून तोच काळा पत्रा, तेच रूप,
आत निम्मं घर लाकडाच्या ताब्यात.
बाबा म्हणायचे, उपाशी ठेवणं नव्हे हे,
ताट लहान करणं.

लाकूडही त्यांनीच आणलेलं.
हॉकी स्टिकचा तुकडा, तुतीचा,
एकोणऐंशी साली रेजिमेंटच्या मैदानावर मोडलेली.
कुणाच्या नडगीवर, ते सांगत नाहीत.

कानसीखाली तुती पिवळी निघाली.
सुभेदार स्टुलावर पुढं सरकले, आवाज उतरवून म्हणाले,
"जरा सैल ठेव की.
लागलंच कधी, तर काढता यावं."

मी कानस खाली ठेवली.
"सैल ठेवलं तर ते पाचाचं नव्हे, सुभेदार.
धाचंच, नुसतं तोंड झाकलेलं."

भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले.
ते घड्याळ बंद आहे, त्यांनाही माहीत आहे.
मग म्हणाले, "मार रिवेट. खरं..."
आणि पुढचं वाक्य आलंच नाही.
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
त्या दुपारी ते दोन्ही होतं.

मी रिवेट मारली.
बिनदारूच्या पितळी गोळ्या त्यांच्यापुढं ठेवल्या.
त्यांनी अंगठ्यानं एकेक आत दाबली,
सवयीनं, न बघता.
पाच गेल्या.
सहावी ओठावर येऊन अडली,
बिनपत्रिकेची लग्नात आल्यासारखी.
पुन्हा दाबली. पुन्हा वर.
अंगठ्याचं नख पांढरं पडलं,
आणि त्यांना हसू फुटलं.

"तीस वर्षं भातावर राखण करालोय.
दोन बारांच्या वर कधी गेलो नाही बघ.
पहिल्याला डुक्कर मान वर करतंय,
दुसऱ्याला चोर्ला घाट उतरून गोव्यात.
त्याला कुठलं लायसन, कुठली हद्द?"

"मग धा कशाला होत्या?"
"होत्या म्हणून होत्या रे."

पैसे मोजताना त्यांनी वर पाटीकडं पाहिलं.
ती गेल्या साली मीच रंगवून घेतली,
कन्नड वर, ठळक,
मराठी खाली, टेप लावून मोजलेली.
अक्षरं बाबांच्याच वळणाची आहेत,
फक्त खांदे आखडून बसलीत.
"बसलं की," सुभेदार म्हणाले.
पाटीला म्हणाले की मॅगझीनला, कळलं नाही.

पावतीवर मी पाच लिहिलं,
शेजारी कन्नड पाच,
कारण तपासणीला कोण येईल सांगता येत नाही.
पावती टॉवेलात, टॉवेल पिशवीत.
पायरीवर थांबून ते स्वतःशीच म्हणाले, "साकु."
मराठीत 'पुरे' म्हटलं असतं
तर जेवणावरून उठल्यासारखं वाटलं असतं.

चारची बस त्यांना मिळाली असावी.
तुतीचा उरलेला तुकडा इथंच राहिला.
टेबलाचा एक पाय कधीचा डुगडुगत होता,
त्याखाली सरकवलाय.