सव्वीस मिलीलिटर

मान अवघडली म्हणून गेली होती इझोल्दा,
मेस्तियाच्या चौकात उभ्या असलेल्या तपासणीच्या गाडीत.
गवताचे भारे वाहून शीर आखडली असेल, एवढंच.
गळ्यावर गार जेल फिरलं,
आणि डॉक्टर तेओना, तिच्या धाकटीच्या वयाची पोर,
पडदा वळवून म्हणाली,
हे फुलपाखरू दिसतंय?

इझोल्दाला दिसली धुक्यात बुडालेली खिंड.
कुणी येतंय तिथून, की जातंय, कळेना.

"थायरॉइड मोठी झालीय, मावशी.
साधारण अठरा मिलीलिटरपर्यंत चालते,
तुमची सव्वीस.
गाठ नाही दिसत.
आणि मोठी म्हणजे बिघडलीच, असं नाही.
जास्त राबतेय, कमी, की बरोबर,
ते रक्त सांगेल. पडदा नुसतं माप सांगतो."

माप.
चाळीस वर्षं गावाच्या कॉलरी मापल्या तिनं.

"पण वाढते कशाला?"
"कुरणात गवत विरळ झालं तर काय करता?"
"लांबवर कापत जातो."
"तीही तेच करत असेल कदाचित.
आयोडीन पुरेना की पसरते.
मीठ कुठलं वापरता?"

आता इझोल्दा गप्प.
तिचं मीठ!
लसूण, झेंडूच्या पाकळ्या, निळी मेथी घालून
दगडी खलात कुटलेलं, जाडं, पोत्यातलं.
कुतैसीच्या बहिणीला दर वर्षी तीन बरण्या.
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आम्ही,
आणि मीठच जागं नव्हतं म्हणे.

रक्ताची बाटली घाट उतरून झुगदीदीला गेली.
निकाल गुरुवारी.

घरी तिनं भिंतीवरून आईचा फोटो काढला.
चौसष्ट सालचा. जुलै. मागे कापणी,
बाप्ये उघड्या अंगानं,
आणि आईच्या गळ्याला लोकरीचा रुमाल.
लहानपणी वाटायचं, आईला थंडी फार.
शेजारच्या दोघींनाही रुमाल.
त्यांनाही थंडी.

रात्री दिव्याखाली आरसा धरून
हनुवटी वर केली, पाण्याचा घोट गिळला.
काहीतरी चढलं, उतरलं,
बुरुजातल्या शिडीवरून कुणी
बादली घेऊन वर जावं, खाली यावं, तसं.
आणखी एक घोट.
पुन्हा तेच माणूस, तीच बादली.

शिवणाच्या डब्यातली टेप काढली,
गळ्याभोवती धरली,
आणि आकडा न बघताच गुंडाळून ठेवली.

चुलीवर रस्सा अळणीच राहिला होता.
तसाच प्यायली.