पटनोंदणी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
आम्ही तिघी पट वाढवायला निघतो,
जनता वसाहतीच्या पायऱ्या चढत,
डोक्यावर ओढणी, पिशवीत रजिस्टर,
तोंडात पाठ झालेलं:
पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, खिचडी गरमागरम,
यंदा पहिलीच्या वर्गाला पंखासुद्धा आलाय.

पहिलीला आत्तापर्यंत नऊच नावं.
पट असाच राहिला तर एक बाई अतिरिक्त ठरेल.
अतिरिक्त. भाजीत मीठ पडावं तशी.

त्याच पिशवीत, रजिस्टरच्या खाली,
धायरीच्या शाळेचा कागद, चार घड्या घातलेला.
ईशानीचं नाव दुसऱ्या यादीत लागलंय.
शुक्रवारपर्यंत पहिला हप्ता, अडतीस हजार.
मुलाखतीत विचारलं होतं, आई काय करते?
टीचर, मी म्हणाले.
कुठल्या शाळेत, ते त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

मंगल ढावरेकडे कुकर लागलेला.
तिनं रजिस्टर ओढून घेतलं,
बोट ठेवून एकेक नाव वाचलं,
म्हणाली, सगळं खरं बाई,
थोरल्याला तुम्हीच वाचायला शिकवलंत,
अजून दुकानाच्या पाट्या वाचत चालतो रस्त्यानं.
धाकटीचंही नाव घालते.
फक्त एक सांगा,
तुमची पोरगी कुठल्या शाळेत?

शिट्टी झाली.
मी ती संपेपर्यंत थांबले.
अजून ठरलं नाही, म्हणाले.
खरंच ठरलं नव्हतं.
तिनं मान हलवली,
उधारी मागणाऱ्याला आपण हलवतो तशी,
आणि रजिस्टर मिटून परत दिलं.
मग माझंबी अजून ठरलं नाही.

रात्री विश्राम मोबाईलवर पुन्हा तोच आकडा मांडतो.
तुझी भिशी मोडली तर.
स्कूटर अजून वर्षभर ढकलली तर.
मी त्याला सांगत नाही
की माझ्या वर्गातला अरबाज सतराचा पाढा उलटा म्हणतो,
की मागच्या भिंतीतून जुलैभर पाणी झिरपतं
आणि आम्ही बाकं पुढे ओढून घेतो.
दोन्ही खरं आहे.
शुक्रवारसाठी दोन्हीचा उपयोग नाही.

आणि इंग्रजी? तो विचारतो.
इंग्रजीचं काय करशील?
मी ताटं उचलते.

आत ईशानी उश्यांची हजेरी घेतेय
माझ्याच आवाजात, नाकावर नसलेला चष्मा सावरत:
अरबाज सय्यद. हजर.
पायल वाघमारे. हजर.
मल्लू कोळी. गावाला गेलाय, सोमवारी येईल.
चौतीसच्या चौतीस नावं तिला पाठ आहेत,
कधी झाली कुणास ठाऊक.

मग पस्तिसावं घेते, स्वतःचं.
थांबते.
पुन्हा घेते, जरा मोठ्यानं,
आणि दारात उभ्या माझ्याकडे बघते,
आता कोणी ओ द्यायची, ते विचारत.