चाळीस डॉलर आणि एक अट

ब्यार्नीने खुब्याचा सांधा बदलून घेतला
आणि बर्फावर मासे धरायचा तंबू मला विकला.
चाळीस डॉलर. सख्खी बहीण म्हणून एक सेंट कमी नाही.
वर अट: "सिग्गा, उन्हाळ्यात जमिनीवर ठेवायचा नाही."

पहिल्या वर्षी मी ठेवला.

आता पुन्हा एप्रिल.
विनिपेग सरोवर काठाकाठाने काळं पडतंय,
रात्री त्याच्या पोटातून कण्हणं ऐकू येतं.
तंबू दोन दिवस दोरीवर वाळतोय, लाल, रजईसारखा जाड,
त्याला अजून गॅसच्या शेगडीचा, खवल्यांचा वास.
मी एकेक खिसा उलटा करते.
सूर्यफुलाची टरफलं. अर्धं बिस्किट.
शिवणीत अडकलेला मक्याचा एक दाणा.
एक दाणा म्हणजे आमंत्रणच,
त्यांच्यात निरोप लवकर पोचतात.

डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे.
इथे गिमलीत डोंगरच नाही, क्षितिजापर्यंत सपाट,
त्यामुळे उंदीर आयता मिळतो.

जिथून पेन्सिल जाते तिथून तो जातो.
म्हणून खरोखरच पेन्सिल घेऊन
मी गॅरेजभर रांगले, बासष्टाव्या वर्षी,
पूर्वी शाळेच्या बसखाली वाकून बघायची तशी.
सतरा भोकं.
सतरांत तारेची घासणी कोंबली.
अठरावं संध्याकाळी दिसलं, पाइपामागे,
कडा गुळगुळीत, तेलकट.
किती पिढ्यांनी हा उंबरठा झिजवला असेल!
ते बुजवताना हात जरा अडखळला.

शेजारची ओक्साना म्हणाली, डांबराच्या गोळ्या टाक.
ब्यार्नी फोनवर ओरडला,
"मग हिवाळाभर काय कपाटात बसून मासे धरायचे?"
मग पुदिन्याचं तेल, कापसाच्या बोळ्यांवर.
वळकटी आढ्याला टांगली, बारीक तारेने,
आणि तारेत ओवली कॉफीच्या डब्यांची झाकणं,
वरून कुणी उतरलंच तर पाय घसरावा म्हणून.
दार उघडलं की ती किणकिणतात.
एवढा बंदोबस्त, ओक्साना हसते,
चाळीस डॉलरच्या कापडासाठी?

गेल्या ऑक्टोबरचं मी तिला सांगितलेलं नाही.
वळकटी सोडली तेव्हा डावा कोपरा पोकळ होता.
आतलं अस्तर विंचरून विंचरून मऊ केलेलं,
त्यात माझ्या नारिंगी मफलरचे धागे
आणि मासेमारीचा परवाना,
माझं नाव अक्षराअक्षराने कातरलेलं.
मधोमध पाच जण. शेंगदाण्याएवढे, गुलाबी,
डोळे अजून उघडायचे होते.

मी फावडं आणलं.
घरटं तसंच उचलून लाकडांच्या ढिगामागे ठेवलं,
वर अस्तराचा एक तुकडा पांघरला,
जणू त्याने काही होणार होतं.
सकाळी तिथे काही नव्हतं.
आईने नेले असतील.
पॉप्लरवर एक घुबडही असतं.
बर्फ पडायचा होता अजून,
त्यामुळे कुणाचीच पावलं उमटली नव्हती.

ब्यार्नीला मी फक्त भोक दाखवलं.
"सांगितलं होतं ना" असं तो म्हणाला नाही.
होडीच्या निळ्या ताडपत्रीचं ठिगळ लावलं,
टाके मात्र जरा जास्तच जोरात ओढले.

पुढे जानेवारीत
काठापासून दीड मैल आत तंबू उभा केला.
धड आला होता. एक धागा कुरतडलेला नाही.
आत लाल अंधार, पुदिन्याचा वास,
आणि ठिगळातून निळसर उजेड,
बर्फातल्या भोकापर्यंत आलेला.
मी बादलीवर बसलेली, हातमोजे मांडीवर.
भोकाच्या कडेला दोरा घासू लागतो,
कुर कुर, थांबून पुन्हा कुर.

मी डाव्या कोपऱ्याकडे बघते.

मासा लागलाय हे मला नंतर कळतं.