मांजराचे दोन टक्के

एप्रिलची नऊ तारीख. दुलूथच्या बंदरात
बर्फ अजून पुलापाशी हटून बसलेला.
आइली केट्टुनेन बिस्किटांचा डबा
माझ्या टेबलावर उपडा करते:
डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे सात हप्ते,
आणि एकाच फॉन्टचे तीन परवाने,
एक छपाईला, एक वेबसाइटला,
एक बोटीवर नाव रंगवायला.
बोटीचं काय, हे करारात कुठेच नव्हतं,
म्हणून हिनं पत्र लिहून विचारलं.
उत्तर आलं, बोट म्हणजे फलक.
चाळीस डॉलर.

हप्ते सातच कसे?
"मेपर्यंत किर्स्टीचं वापरलं. लेकीचं. विद्यार्थ्यांचं."
आणि कामं?
ती नखाखालचा रंग कोरत बसते.
धुरी दिलेल्या माशांची लेबलं. दंतवैद्याची पाटी.
शिकण्यासाठी दिलेल्या परवान्यावर
धंदा करायचा नसतो, हे तिला ठाऊक.
"जूनमध्ये स्वतःच्या नावानं घेतलं," ती म्हणते,
"त्याआधीचं प्रत्येक अक्षर
मला जरा वाकडं दिसायचं."
उत्पन्न बाराही महिन्यांचं धरतो,
खर्च सातांचा.
ती मान हलवते, फिटलं म्हटल्यासारखी.

मग दरवर्षीचा प्रश्न,
कानावरची पेन्सिल काढत:
धंद्यासाठी वापर किती टक्के?

ती खरंच बोटं मोजते.
शेजाऱ्यांच्या हरवलेल्या मांजराचं पत्रक, एक संध्याकाळ.
आणि ऑक्टोबरात चार रात्री
व्हॅइनोच्या अंत्यविधीची पुस्तिका.
त्याच्या नावातला व्ही
आणि पुढचा दोन टिंबांचा ए
यांच्यातलं अंतर काही केल्या जमेना.
जवळ घेतलं की चिकटायचे,
सोडलं की अनोळखी.

मी पेन्सिल खाली ठेवतो.
ते खाजगीच की, म्हणतो, हळू.

"नाही." ती डब्याच्या तळातून
घडी पडलेला कागद काढते.
बिल क्रमांक सत्तेचाळीस. वीस डॉलर, आगाऊ, रोख.
खाली त्याची सही, इस्पितळातली, रेघेवरून घसरलेली.
"म्हणाला, फुकट करशील तर घाईत उरकशील.
गिऱ्हाईक समज."

मी हातचा राखून बेरीज करणारा माणूस.
कागद दोनदा वाचतो. तारीख आहे, काम लिहिलंय, रक्कम आहे.
वीस डॉलर उत्पन्नात मांडतो
आणि त्या चार रात्री धंद्यात.

बाहेर धातूचं खनिज न्यायला आलेलं
वर्षातलं पहिलं जहाज भोंगा देतं.
"सापडलं का ते मांजर?" मी विचारतो.
"गॅरेजात होतं."

मांजराचे दोन टक्के वजा करतो.